हाड सात दिवसांत जुळत नाही: आत्याचं प्लास्टर कापायला लावणाऱ्या मेसेजला उत्तर

माझी आत्या ६४ वर्षांची. केज तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. दिवाळीच्या तोंडावर न्हाणीत तिचा पाय घसरला, पडताना तळहात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी हात ओढून हाड जागेवर बसवलं, प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हलवायचं नाही म्हणून सांगितलं. आठव्या दिवशी तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला. नवव्या दिवशी आतेभावानं कात्रीनं प्लास्टर कापलं आणि तिला शेजारच्या गावातल्या हाड बसवणाऱ्याकडं नेलं. त्यानं तेल लावून अर्धा तास मनगट चोळलं, लेप दिला, वरून बांबूच्या कामट्या लावून चिंध्यांनी करकचून आवळलं.

मला आत्याचा फोन आला अकराव्या दिवशी, रात्री. "अगं, बोटं टम्म फुगलीत. मुंग्या यायल्यात. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. दादा म्हणतो, मेसेजमध्ये लिहिलंय, ठणकायलंय म्हणजे हाड जुळायलंय."

मी फोनवरच ओरडले, आधी त्या चिंध्या सोडा.

नंतर तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर दिसला. त्यातला एक शिक्षकांचा. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि माझ्याच घरातल्या बाईचा हात या मजकुरापायी जाता जाता वाचला. म्हणून हे लिहिते आहे.

मेसेज थोडक्यात असा: सुश्रुतांच्या पद्धतीनं मोडलेलं हाड सात दिवसांत जुळतं. प्लास्टर हा डॉक्टरांचा धंदा, त्यात हाड कुजतं, तेव्हा ते काढून हाडवैद्याकडून चोळून घ्या. ऋषींनी ३६० हाडं सांगितली, इंग्रजी डॉक्टर २०६ सांगतात, म्हणजे १५४ हाडं लपवली. रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा. फिल्टरचं पाणी सोडून बोअरचं जड पाणी प्या. अमुक पावडर घ्या, तिशीतही उंची वाढेल. ११ जणांना पाठवा.

सुश्रुतांचं नाव घेतलंच आहे तर सुश्रुतांनाच विचारू. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसरा अध्याय सगळा मोडलेल्या हाडांवर आहे. तिथं स्पष्ट लिहिलंय: तरुण वयात मोडलेलं एका महिन्यात स्थिर होतं, मध्यम वयात त्याच्या दुप्पट काळ लागतो, उतारवयात तिप्पट. माझी आत्या ६४ वर्षांची. सुश्रुतांच्या हिशोबानं तिला तीन महिने. डॉक्टरांनी मागितले होते सहा आठवडे. मग सात दिवस आले कुठून? सातचा आकडा त्या अध्यायात आहे, पण तो पट्टी बदलण्याचा: थंडीत सात दिवसांनी, मध्यम हवेत पाच, उन्हाळ्यात तीन. बहुधा तिथूनच कुणीतरी तो उचलला असावा.

त्याच अध्यायात पट्टी कशी बांधावी तेही आहे. सैल बांधली तर जोड स्थिर राहत नाही, फार आवळली तर सूज येते, वेदना होतात, कातडी पिकते. आत्याच्या हाताचं अगदी हेच झालं होतं. वड, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू लावून हाड जागेवर धरून ठेवायला ते सांगतात. धरून ठेवायचं, हलू द्यायचं नाही, हाच त्या उपचाराचा गाभा. प्लास्टरचाही हाच गाभा आहे. अंतोनिउस माथाइसन नावाच्या डच लष्करी डॉक्टरानं १८५२ साली प्लास्टरच्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली, तीसुद्धा हाड हलू नये म्हणूनच. सालीच्या जागी जिप्सम आला, एवढाच फरक. सुश्रुतांचं नाव घेऊन प्लास्टर कापायला सांगणाऱ्यानं सुश्रुत उघडून पाहिलेले नाहीत.

आता हाडाच्या आत काय चालतं ते बघा. हाड मोडलं की तिथल्या रक्तवाहिन्या तुटतात आणि रक्ताची गाठ होते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तिच्या जागी कूर्चेची, तंतूंची मऊ गादी तयार होते. सातव्या दिवशी एक्स-रे काढला तर जुळल्याची काहीही खूण दिसत नाही, कारण त्या गादीत अजून क्षार बसलेले नसतात. ते बसून कच्चं हाड व्हायला मोठ्या माणसाला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि त्याला मूळचा घाट यायला कित्येक महिने. म्हणजे नवव्या दिवशी आत्याच्या मनगटात होती फक्त ती मऊ गादी आणि तिच्यात नुकत्याच शिरू लागलेल्या केसासारख्या रक्तवाहिन्या. त्यावर अर्धा तास अंगठे दाबून चोळणं म्हणजे ओल्या भिंतीला खांदा लावणं. कोपराजवळ मोडलेल्या लेकरांच्या बाबतीत चोळणं आणखी वाईट, तिथं स्नायूच्या आतच हाड तयार होऊ लागतं आणि कोपर कायमचं आखडतं.

आवळणं तर चोळण्याहून घातक. मोडल्यावर आत सूज येते. बाहेरून कामट्यांनी जागाच ठेवली नाही तर आतला दाब वाढतो आणि स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. सहाएक तास रक्त नाही मिळालं की स्नायू मरायला लागतो. मेलेला स्नायू आकसतो, बोटं पंजासारखी वळतात आणि तशीच राहतात. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदानं १८८१ साली हे दुखणं आवळलेल्या पट्ट्यांशी जोडून दाखवलं. त्याच्याही पुढं गेलं तर हात काळा पडतो, कापावा लागतो. म्हणून ठणका वाढणं, बोटं फुगणं, निळी किंवा पांढरी पडणं, मुंग्या येणं, बोट सरळ करताना जीव जाणं, यातलं काही दिसलं तर ती जुळण्याची खूण समजू नका. प्लास्टर असो की कामट्या, त्याच तासाला दवाखाना गाठा. प्लास्टरही आवळू शकतं, ते डॉक्टरांकडून सैल करून घ्यायचं असतं. घरी कात्री लावायची नसते.

प्लास्टरमध्ये हाड कुजतं, हे धादांत खोटं. पण त्यामागं एक अर्धं खरं आहे, ते मान्य करते. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं तेव्हा हात वाळलेला दिसतो, कातडीची सालपटं निघतात, मनगट लाकडासारखं झालेलं असतं. ते बघून माणूस घाबरतो. तो स्नायू बसल्या जागी रोडावलेला असतो, खाली हाड जुळलेलं असतं. म्हणूनच पहिल्या दिवसापासून बोटं आणि खांदा हलवत राहा असं सांगतात, पण गर्दीच्या ओपीडीत ते एका वाक्यात उरकतं, आणि आत्यासारखी बाई हात गळ्यात अडकवून बसून राहते. हेही मान्य, की प्रत्येक मोडीला ऑपरेशन लागत नाही, आणि खर्च ऐकून दुसऱ्या डॉक्टरला विचारलं तर त्यात चूक नाही. हाड बसवणाऱ्यांबद्दलही माझ्या मनात राग भरून नाही. बैलगाडीनं दिवसभर गेल्याशिवाय दवाखाना दिसत नव्हता, तेव्हा गावाला तेच होते. त्यांच्याकडं बरी झालेली माणसं खोटं बोलत नाहीत. पण मुरगळणं आणि नुसती चीर कुणीही बांधली तरी बरी होते. सरकलेलं हाड तसं होत नाही.

आता ती लपवलेली १५४ हाडं. याचा मला मनस्वी संताप येतो, कारण इथं आपल्याच ग्रंथांचा अपमान आहे. चरकसंहिता ३६० म्हणते, आणि त्याच वाक्यात सांगते की यात दात, दातांच्या खोबण्या आणि नखं धरली आहेत. ३२ दात, ३२ खोबण्या, २० नखं, इथंच ८४ झाली. सुश्रुत त्यावर म्हणतात, वेद मानणारे ३६० सांगतात, पण शल्यतंत्रात ३००च. म्हणजे दोन ऋषींची मोजणीही एक नव्हती, आणि त्यांनी ती उघड मांडली. सुश्रुतांचे हाडांचे पाच प्रकार बघा: कपाल म्हणजे चपटी, रुचक म्हणजे दात, तरुण म्हणजे नाक-कानातल्या मऊ कूर्चा, वलय म्हणजे बरगड्यांसारखी वळलेली, नलक म्हणजे हातापायांची लांब नळीची. दात आणि कूर्चा आज हाडांत धरत नाहीत. आजचे प्रकार लांब, आखूड, चपटी, अनियमित आणि गुडघ्याच्या वाटीसारखी स्नायुबंधात वाढणारी. काय मोजायचं ते बदललं की आकडा बदलतो.

माझ्या वर्गातली पोरं सांगाड्यावर बोट ठेवून मोजतात: डोक्याची २२, दोन्ही कानांतली ६, जिभेखालचं १, मणक्याची २६, बरगड्या २४, छातीचं १. झाली ८०. खांद्यांसकट दोन्ही हातांची ६४, कमरेसकट पायांची ६२. बेरीज २०६. त्यातली १०६ तर नुसत्या पंजांत आणि पावलांत. जन्मलेल्या बाळात मोजाल तर तीनशेच्या आसपास भरतील, कारण पुढं एक होणारे तुकडे तेव्हा सुटे असतात. माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड पाच मणके जुळून झालेलं असतं. एखाद्याला बरगडी जास्तही असते. यात लपवलं कुणी आणि काय?

चुना. हाड पांढरं, चुना पांढरा, एवढ्यावर हा उपाय उभा आहे. कोंबडीच्या तंगडीचं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा, क्षार विरघळून ते रबरासारखं वाकतं. दुसरं हाड चुलीत जाळा, बोटानं चुरा होतो. पहिल्यात उरतात ते प्रथिनांचे तंतू, दुसऱ्यात उरतात नुसते क्षार. दोन्ही मिळून हाड होतं, आणि ते क्षारही मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, चुना नव्हे. शिवाय हिशोब करा. गव्हाच्या दाण्याएवढ्या चुन्यातून कॅल्शियम चाळीस मिलिग्रॅमच्या पुढं जात नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणं मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम लागतं. कपभर दुधात चुन्याच्या चौपट मिळतं, आणि दूध तोंड भाजत नाही. शंभर ग्रॅम तिळात हजाराच्या वर असतं, आणि आपण तीळ संक्रांतीपुरता आठवतो. चिमटीभर चुना जास्त झाला तर जीभ, घसा पोळतो. लेकराच्या डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.

आत्याला खरं तर दुसरंच सांगायला हवं होतं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होतात, आणि उभ्या-उभ्या पडून मनगट मोडणं ही पुष्कळदा त्याची पहिली खूण असते. तिची हाडांची तपासणी, ड जीवनसत्त्व, सकाळी चालणं, न्हाणीत खरबरीत फरशी. चुन्याच्या मेसेजनं हे सगळं झाकून टाकलं.

बोअरच्या पाण्याचा सल्ला मराठवाड्यात देणाऱ्यानं नांदेडला किनवटकडं एक चक्कर मारावी. फिल्टरनं पाण्यातले क्षार कमी होतात हे खरं, पण हाडांचं कॅल्शियम मुख्यतः जेवणातून येतं. किनवट भागातल्या खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. भारतीय मानकाप्रमाणं लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर १.५. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं एक्स-रेत दाट दिसतात, आणि माणसाची मान वळत नाही, पाठ वाकते, गुडघे फाकतात. बोअरचं पाणी तपासून घ्या, मगच प्या.

उंचीची पावडर: लांब हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. मुलींची साधारण सोळापर्यंत, मुलांची अठरा-वीसपर्यंत हाडात बदलून बंद होते. त्यानंतर कुठल्याही पावडरीनं उघडत नाही. पैसे वाचवा.

आत्याचं मनगट सरकलं होतं. पुन्हा भूल देऊन बसवावं लागलं, तारा घालाव्या लागल्या. त्या गेल्या आठवड्यात निघाल्या. बोटांची संवेदना परत आली आहे, मूठ अजून पूर्ण वळत नाही. काल व्हिडिओ कॉलवर तिनं मला दाखवलं: डाव्या हातानं ज्वारीचं पीठ मळते, आणि थापायची वेळ आली की सुनेला हाक मारते. आतेभावानं तो मेसेज भजनी मंडळाच्या ग्रुपवरून काढायला सांगितला आहे. ज्यानं टाकला होता त्यानं अजून काढलेला नाही.