उन्हात वाळलेल्या चादरीचा वास

काल संध्याकाळी दोरीवरची चादर काढली आणि सवयीने नाकाशी धरली. दिवसभराच्या उन्हाने ती खळ घातल्यासारखी कडक झाली होती. तो वास आला आणि मला समोर आईचे हात दिसले. चादरीची दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. ती म्हणायची, "ओढ!" मी मागे झुकून ओढायचे, मग दोघी पुढे येऊन टोकाला टोक जुळवायचो. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख चिमट्यात सापडून काळंनिळं झालं होतं. ते नख मला इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. कुठल्याही फोटोत ते नाही. या वासाने कुठे जपून ठेवलं होतं कोण जाणे.

आपण याला 'उन्हाचा वास' म्हणतो, आणि ते अगदी बरोबर आहे. कोपनहेगनच्या काही संशोधकांनी सुती टॉवेल पाण्यात धुऊन काही खोलीत, काही बाहेर झाकून आणि काही उघड्या उन्हात वाळवले. २०२० मध्ये त्यांचा निबंध आला. ऊन लागलेल्या टॉवेलांत आल्डिहाइड आणि कीटोन जातीची वासाची द्रव्यं सापडली. यातलीच काही फुलांत आणि अत्तरांतही असतात. म्हणजे ओलं सुती कापड आणि ऊन एकत्र आलं की हा वास तिथल्या तिथे जन्माला येतो. साबणाच्या जाहिरातीत 'उन्हाची ताजगी' असं लिहितात, पण तो वास बाटलीत भरायचा नसतोच. कपडे उन्हात घालायचे असतात.

तसा उन्हाळ्यात सगळ्यालाच वास सुटतो. गरमीने वस्तूंतले रेणू भराभर हवेत उडतात, थंडीत तेच दबून राहतात. तापलेलं डांबर, बंद कपाट उघडल्यावरचा कोंदट वास, नुकत्याच कापलेल्या गवताचा हिरवागार वास. (गवताचा वास म्हणजे जखमी पात्यांनी सोडलेली रसायनं. हे कळल्यापासून तो घेताना मी जरा थबकते.) आणि रात्री उमलणारी पांढरी फुलं! अंधारात रंगाचा उपयोग किती होणार? पतंगांना बोलवायला त्यांचा भरवसा वासावर. ती सगळी धडपड त्या किड्यांसाठी, आणि जीव आपला हरखतो.

पहिल्या पावसाच्या वासाबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडंच सांगते. १९६४ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी त्याला 'पेट्रिकोर' हे नाव दिलं. मातीतले जीवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा या वासात मोठा वाटा. मला मात्र आपला 'मृद्गंध'च जवळचा.

वासाची आठवण इतकी अंगावर का येते? पाहिलेलं, ऐकलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर जातं आणि मग पुढे. वासाला हे ठाणं लागत नाही. तो भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोहोचतो. त्यामुळे कशाचा वास हे ओळखायच्या आधीच गळा दाटून येतो. आणखी एक गोष्ट वाचली तेव्हापासून मनातून जात नाही. वयस्क माणसांना शब्द देऊन आठवणी विचारल्या तर त्या जास्त करून ११ ते २५ या वयातल्या निघतात. वास देऊन विचारल्या तर ६ ते १० या वयातल्या. २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात हे दिसलं.

६ ते १०! माझा मुलगा आता सात वर्षांचा आहे. त्याची वासाची पेटी आत्ता भरते आहे, आणि आपण तिच्यात काय टाकतोय? बंद खिडक्या, एसी, आणि भिंतीच्या प्लगमधून बारा महिने येणारा एकच सुवास. उन्हात पाठवू नका म्हणतात ते दुपारपुरतं खरंच आहे, उन्हाच्या झळा मुलांना सोसत नाहीत. पण सकाळ आहे, संध्याकाळ आहे. मला पोटतिडकीने वाटतं की मुलांना धुळीत, गवतात, ओल्या मातीत नाक खुपसू द्यावं. फोटो आपण हजारो काढतो. वास असा काढून ठेवता येत नाही, तो तिथे जाऊनच घ्यावा लागतो.

हे मला इतकं का लागतं ते सांगते. २०२१ मध्ये आईला कोरोना झाला आणि तिचा वास गेला. बरी झाल्यावर तिने पहिल्यांदा दोरीवरून चादर काढली, नाकाला लावली, पुन्हा लावली, उलटी करून लावली. मग म्हणाली, "अगं, नुसतं कापड आहे हे." तिचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. डॉक्टरांनी सराव सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायचं आणि तो वास मनात आठवायचा. बारा आठवडे तिने एक दिवस चुकवला नाही. लवंग आली. मग लिंबू, पण करपल्यासारखं. चादर अजून आलेली नाही.

आता चादरींच्या घड्या माझा मुलगा आणि आई घालतात. त्याचे हात पुरत नाहीत, मधला भाग जमिनीला टेकतो, आई काही बोलत नाही. घडी झाली की ती त्याला विचारते, "कसा येतोय रे?" तो डोळे मिटून घडीत नाक खुपसतो. परवा म्हणाला, "कोरडा." मग थोडा थांबून, "आणि पांढरा." काल बराच वेळ हुंगत राहिला. आई घडी हातात धरून उभी होती. "थांब गं आजी," तो म्हणाला, "अजून घेतोय."