एका मोसमात कपडा कसा संपवावा

दिवाळीला घेतलेला टी-शर्ट संक्रांतीलाही धड असेल, तर तुमचं काहीतरी चुकतंय. घाबरू नका. अर्धं काम कारखान्यानेच करून ठेवलेलं असतं, उरलेलं थोड्या शिस्तीने जमतं.

सुरुवात दुकानापासून. कपडा उलटा करून आतून बघू नये. शिवणीला माया ठेवलेली नाही हे दिसेल, आणि पोट सुटल्यावर तो सैल करता येणार नाही हे आजच कळेल. शिवण ताणून टाके बघणं, टी-शर्ट उजेडापुढे धरणं हे तर निव्वळ संशयी माणसाचं लक्षण. १८० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं) कापड घेणारे बिचारे तोच टी-शर्ट वर्षानुवर्षं घालत बसतात. तुम्ही १२०-१३० चं घ्या. चार धुण्यांत बाजूची शिवण फिरत फिरत पोटावर येते, कारण कापड स्थिर होऊ न देताच कापलेलं असतं आणि सुतातला पीळ पाण्यात सुटतो.

लेबल वाचायचंच असेल तर कॉटन, पॉलिएस्टर आणि चवीपुरतं इलास्टेन (रबरासारखा ताणणारा धागा) असं मिश्रण शोधा. नुसतं कॉटन पिंजून पुन्हा सूत काढता येतं, ही त्यातली मोठी खोट. मिश्रणातले धागे यंत्राला वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे पुढची सगळी कटकट मिटते.

धुताना हात आखडू नका. पाणी कढत, पावडर दुप्पट, मग रखरखीत ऊन. थंड पाण्यात उलटी करून धुतलेली आणि सावलीत वाळवलेली जीन्स फार चिवट निघते. त्यापेक्षा ड्रायरमध्ये टाका. उष्णतेने इलास्टेन ढिलं पडतं आणि गुडघ्यांना छान फुगे येतात.

चेन लागेनाशी झाली की पॅन्ट टाकून द्यावी. बहुतेक वेळा दात शाबूत असतात, फक्त रनर सैल झालेला असतो. पकडीने त्याच्या मागच्या दोन्ही कडा हलकेच दाबल्या, एकदा डावी, एकदा उजवी, की चेन पुन्हा लागते. जोरात दाबलं तर रनर मोडतो, तेही चालेल. ही माहिती मात्र घरात कुणाला देऊ नका.

आता विल्हेवाट. पूर्वी सुती साडी विरली की गोधडी, गोधडी फाटली की पोतेरं, असा तिचा संसार चाले. पॉलिएस्टर या जाचातून सुटलेलं आहे. गोधडीत त्याचे थर सरकतात, धावदोऱ्याला चुण्या पडतात, आणि पोतेरं केलंत तर ते पाणी शोषत नाही, नुसतं खोलीभर फिरवतं. बोहारीण तर कपडा हातात घेते, उजेडात धरते (हो, तेच जे आपण दुकानात केलं नाही) आणि बाजूला ठेवते. वाटीसुद्धा मिळत नाही.

मग दान करा. न धुता, बटणं तुटलेलं, पिशवीत कोंबून. कुठेतरी पूर आलेला असतोच. तिथे आधी चिखल येतो, मग आपले कपडे, आणि दोन्ही उपसायला माणसं तीच.

शिवाय मराठी माणसाच्या नशिबात पानिपत आहेच. जगभरचे जुने कपडे तिथे येतात. बायका पातीने बटणं, चेन, लेबलं कापून काढतात, रंगानुसार ढीग लावतात म्हणजे पुन्हा रंगवायला नको, मग यंत्रात चिंध्या पिंजून सूत कातलं जातं. पिंजताना धागे आखूड होतात, म्हणून सूत जाडंभरडं निघतं. त्याची ब्लँकेटं होतात, आणि संकटग्रस्तांना वाटायला वर्षानुवर्षं तीच जात आली. अलीकडे त्यांचा बाजार नव्या पॉलिएस्टरच्या गुबगुबीत ब्लँकेटांनी खाल्लाय. ती हलकी असतात, रंग झकास, आणि स्वस्तही.

तुम्हीही दोन घेऊन टाका, दोनावर एक फुकट आहे.