अंगण खरोखरच वाकडे होते

आठ महिने मी स्वतःच्या बोटांना दोष देत राहिले. माझ्याकडे गिटार मॉडेलर आहे, म्हणजे गिटारच्या ॲम्पची आणि स्पीकरची डिजिटल नक्कल करणारे यंत्र. हेडफोनवर ऐकताना अंगावर काटा आणणारा हा मॉडेलर स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या पॉवर ॲम्पला जोडून बारा इंची स्पीकरच्या पेटीतून, म्हणजे कॅबिनेटमधून वाजवला, की गोधडीत गुंडाळल्यासारखा घुसमटत असे. सोबतचे वादक वाजवू लागले की त्यात माझी गिटार कुठे आहे, हे मला स्वतःलाही शोधावे लागे. मग मी तारा बदलल्या, पिकअपची उंची कमीजास्त केली, जाड पिक घेतले, उजव्या हाताचा सराव अगदी पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरू केला. नाचता येईना अंगण वाकडे, असे कोणी म्हणू नये म्हणून मी अंगणाकडे मान वळवूनही पाहिले नाही, आणि अंगण तर खरोखरच वाकडे होते.

दोष एवढाच होता, की मॉडेलरमधील कॅबिनेटची नक्कल चालू होती आणि तिच्यापुढे खरे कॅबिनेटही उभे होते. मॉडेलर केवळ ॲम्पची नक्कल करत नाही. आवाजाला आकार देणारा प्रीॲम्प, पॉवर ॲम्प, स्पीकर, त्याची लाकडी पेटी आणि त्या पेटीसमोर धरलेला मायक्रोफोन अशी सगळी साखळी तो गणिताने उभी करतो. गिटारचा स्पीकर हा गाणी ऐकण्याच्या स्पीकरसारखा सगळे स्वर सारखेच वाजवणारा नसतो. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने उतरतो, आणि डिस्टॉर्शनमधला, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजातला, कर्कश कचरा नेमका तिथेच गळून पडतो. हेडफोनला किंवा सभागृहातील ध्वनियंत्रणेला ही चाळणी नसते, म्हणून मॉडेलर ती आतच लावून देतो, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु पुढे खरा गिटार स्पीकर असेल तर तोच आवाज दोन चाळण्यांतून जातो, शिवाय अस्तित्वातच नसलेल्या मायक्रोफोनचा रंगही त्याच्यावर चढतो, आणि एवढे सगळे होऊन जे उरते त्याला मी आठ महिने 'माझा टोन' म्हणत होते.

उपाय एका स्विचचा आहे. माझा संताप त्या स्विचवर नसून तो जिथे दडवून ठेवला आहे त्या जागांवर आहे, आणि 'जागांवर' असे अनेकवचन मी जाणूनबुजून वापरते आहे. माझ्या यंत्रात कॅबिनेट तीन ठिकाणी बंद करता येते: प्रत्येक प्रीसेटमधील, म्हणजे साठवून ठेवलेल्या आवाजाच्या मांडणीतील, कॅबिनेटच्या ब्लॉकवर, प्रत्येक आउटपुटच्या स्वतंत्र पानावर आणि ग्लोबल मेनूच्या तळाशी असलेल्या एका ओळीत. या तिघांपैकी अखेरचा शब्द कोणाचा, हे कोठेही लिहिलेले नाही. ब्लॉक बंद केला तर तो त्या एका प्रीसेटपुरता बंद होतो, आणि तोच प्रीसेट ध्वनियंत्रणेकडेही जात असेल तर तिकडे लाकूड कापण्याच्या करवतीसारखी किरकिर सुरू होते, कारण तिकडे चाळणी हवीच असते. खरी गरज असते ती ध्वनियंत्रणेकडे जाणाऱ्या एक्सएलआर आउटपुटवर कॅबिनेट तसेच ठेवून फक्त पॉवर ॲम्पकडे जाणाऱ्या आउटपुटवरून ते काढून टाकण्याची. ही काही जगावेगळी मागणी नव्हे. मंचावर मॉडेलर आणि खरे कॅबिनेट एकत्र वापरणाऱ्या कोणालाही हेच लागते, आणि तरीही ती सोय अशा ठिकाणी ठेवली आहे, जणू ती कोणाच्या हाती लागू नये हाच हेतू असावा.

माहितीपुस्तिकेत या सगळ्या प्रकरणासाठी एकच वाक्य होते. पॉवर ॲम्प वापरत असल्यास योग्य आउटपुट योग्य पातळीवर ठेवून योग्य इनपुटला जोडावे, असे ते वाक्य. मला जे जे जाणून घ्यायचे होते ते सगळे त्या तीन 'योग्य'मध्ये कोंबून लेखक मोकळा झाला होता. त्याच पुस्तिकेत पडद्यावरील अक्षरांचा रंग कसा बदलावा, यासाठी सचित्र दीड पान खर्ची घातलेले होते.

यंत्र सरळ बंद पडले असते तर मी त्याचे आभार मानले असते. फ्यूज उडाला, दिवा लागला नाही, पडद्यावर लाल अक्षरे आली, तर माणसाला निदान एवढे कळते की चूक जोडणीत आहे. येथे तसे काहीही घडत नाही. दिवे हिरवे असतात, ट्यूनर अचूक चालतो, आवाज येतो, फक्त तो वाईट येतो. आणि वाईट आवाजाचे कारण शोधायला निघालेला वादक सर्वांत आधी स्वतःच्या हातांकडे पाहतो, कारण त्या हातांविषयी त्याच्या मनात शंका पहिल्या दिवसापासून असतेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, त्यातला प्रकार. मी त्या पखालीला आठ महिने औषध पाजले.

कॅबिनेटचे कोडे सुटल्यावरही माझी सुटका झाली नाही, कारण मग मी यंत्रांच्या पाठीमागे नीट पाहू लागले. तेथील जवळजवळ सगळी भोके एकाच मापाची असतात. ६.३५ मिलिमीटरचा हा जॅक मुळात एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, हाताने कॉल जोडून देणाऱ्या फळ्यांसाठी निघाला. तेथे प्रत्येक भोकाचे काम सारखेच असल्यामुळे भोके सारखी असण्यात काही वावगे नव्हते. आपण मात्र त्याच आकाराच्या भोकातून गिटारचा दुबळा सिग्नल आत घेतो, उणे १० डीबीव्ही म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्टची लाइन लेव्हल, म्हणजे एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जाणाऱ्या सिग्नलची पातळी, देतो, अधिक ४ डीबीयू म्हणजे सुमारे १.२३ व्होल्टची दुसरी लाइन लेव्हलही देतो, आणि शेजारच्याच भोकातून १०० वॉटचा ॲम्प ८ ओहमच्या स्पीकरला २८ व्होल्ट पाठवत असतो. त्या शेवटच्या भोकात मॉडेलरचे आउटपुट खुपसले तर मॉडेलर जळू शकतो. प्लग मात्र कुठेही तितक्याच प्रेमाने 'टक्' करून बसतो.

दोन लाइन लेव्हलमध्ये जवळजवळ १२ डेसिबलचा फरक आहे, आणि तो फरकही कोणी ओरडून सांगत नाही. माझ्या मॉडेलरचे आउटपुट कारखान्यातून इन्स्ट्रुमेंट लेव्हलवर ठेवून आले होते, म्हणजे एखाद्या साध्या गिटार ॲम्पच्या पुढच्या इनपुटला सोसेल इतके कमी. पॉवर ॲम्पला हवी होती भरपूर लाइन लेव्हल. परिणामी पॉवर ॲम्पचा नॉब शेवटपर्यंत फिरवूनही आवाज बेताचाच येई आणि त्याखाली सतत सुस्कारा ऐकू येई. मग मी प्रीसेटच्या आतून आवाज वाढवत गेले, तो वाढवता वाढवता मॉडेलरच्या आतच सिग्नल डिजिटल मर्यादेला धडकू लागला, आणि त्या कडकड फाटण्याला मी पुन्हा एकदा माझ्या पिकचा दोष समजले. यावर हसायचे असेल त्याने खुशाल हसावे.

गिटार ॲम्पचाच पॉवर ॲम्प वापरायचा असेल तर आणखी एक गंमत आहे. पुढच्या इनपुटला मॉडेलर जोडला तर नकली प्रीॲम्पच्या पुढे खरा प्रीॲम्प लागतो आणि चिखल होतो; म्हणून प्रीॲम्प ओलांडून थेट पुढे जाण्यासाठी इफेक्ट्स लूपच्या, म्हणजे प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प यांच्या मधल्या फाट्याच्या, 'रिटर्न'मध्ये शिरावे लागते. आत शिरण्याच्या दाराला 'परत' असे नाव देण्याची ही रीत ज्याला आधीपासून ठाऊक आहे त्यालाच कळते. त्यातही काही ॲम्पमध्ये मास्टर व्हॉल्यूम लूपच्या नंतर असतो आणि काहींमध्ये आधी. आधी असेल तर रिटर्नमधून आलेल्या सिग्नलवर त्या नॉबचा काडीचाही अधिकार चालत नाही. मी मास्टर शून्यावर आहे याची दोनदा खात्री करून, मोठ्या शहाणपणाने, एक कॉर्ड वाजवली, आणि त्या आवाजाने भिंतीवरची तसबीर खाली आली. नॉब शून्यावरच होता.

घरघर हा तर स्वतंत्र अध्याय व्हावा. मॉडेलर अर्थिंगला जोडलेला, ॲम्प अर्थिंगला जोडलेला, आणि दोघांमधल्या केबलची जाळी हा तिसरा रस्ता. असे वर्तुळ पूर्ण झाले की विजेच्या पुरवठ्याची ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर आणि तिच्या पटीतले स्वर स्पीकरमधून येऊ लागतात. यावर मला एका नव्हे, तीन माणसांनी छातीठोकपणे सांगितले, की ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक, लगेच शांत होईल. शांत होईल हे खरे, आणि एखाद्या दिवशी ॲम्पच्या धातूच्या पेटीत वीज उतरली तर हातात तारा धरून उभी असलेली मीही कायमची शांत होईन, याचा उल्लेख तिघांपैकी एकानेही केला नाही. अर्थिंग आवाजासाठी नसते, जीव वाचवण्यासाठी असते. घरघर घालवायला सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची छोटी डबी लावावी, किंवा एक्सएलआर आउटपुटला ग्राउंड लिफ्टचा स्विच असेल तर तो वापरावा. हे वाक्य पुस्तिकेत छापायला किती शाई लागली असती?

स्पीकरची केबल आणि गिटारची केबल बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, तो राग मी थोडक्यात आवरते. गिटारच्या केबलमधली तार बारीक असते, स्पीकरचा करंट तिच्यासाठी नाही. आणि व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, पॉवर ॲम्प स्पीकर न जोडता वाजवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या सॉलिड स्टेट ॲम्पच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले वॉट अनेकदा ४ ओहमच्या स्पीकरसाठीचे असतात, ८ ओहमच्या कॅबिनेटला त्यातले साधारण निम्मेच मिळतात. निम्मे म्हणजेही अवघे ३ डेसिबल कमी, तेव्हा त्या आकड्यासाठी एवढा मोठा टाइप वापरण्याचे कारणच नव्हते.

आणि आता सल्लागार. मॉडेलरमधील पॉवर ॲम्पची नक्कल चालू ठेवावी की बंद करावी, असे विचारले की हमखास उत्तर येते: कानाने ठरव. कानाने ठरवायचे असते तर मी विचारले असते का? सरळ सांगता येण्यासारखी गोष्ट आहे. पुढे रंग न चढवणारा सॉलिड स्टेट पॉवर ॲम्प असेल तर नक्कल चालू ठेवून सुरुवात करावी, व्हॉल्व्हचा असेल तर बंद करून पाहावे, कारण तो स्वतःचा रंग चढवणारच. तेथून पुढे कानाचे काम सुरू होते. पण सुरुवात कुठून करावी हे सांगितले तर सल्लागाराचा गूढपणा कमी होतो, त्याला काय करणार. त्यातून हळू आवाजात बनवलेला प्रीसेट मोठ्या आवाजात वेगळाच ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले होते: हळू आवाजात कानाला खर्ज कमी जाणवतो, म्हणून आपण तो वाढवून ठेवतो आणि मोठ्या आवाजात तो अंगावर येतो. रात्री हेडफोनवर प्रीसेट बनवण्याची हौस माझी होती, तेव्हा एवढी एक चूक मी माझ्या नावावर लिहून घेते.

शेवटी सगळे जुळले. मी पांढऱ्या चिकटपट्टीच्या तुकड्यांवर मार्करने 'कॅब बंद', 'लाइन' आणि 'इथून आत' असे लिहून ते यंत्रांच्या पाठीवर लावले, आणि तीन आठवडे गिटार जशी वाजायला हवी तशी वाजली. मग मॉडेलरने नवे सॉफ्टवेअर घेण्याचा आग्रह धरला, मी होकार दिला, आणि त्याने काही न बोलता सगळ्या ग्लोबल सेटिंग कारखान्यातल्यासारख्या करून ठेवल्या. पहिल्याच कॉर्डला ती ओळखीची गोधडी परत आली. या वेळी मी तारा बदलल्या नाहीत; मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिले, आउटपुट, पातळी, मेनूची पाने सगळे नमूद करून. चार दिवसांनी उत्तर आले. आपली जोडणी योग्य आहे याची कृपया खात्री करावी, असे त्यात लिहिले आहे.