बोरिनाजच्या खाणकामगारांनी दाद मागायची कोणाकडे?

फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी 9 मे 1950 रोजी कोळसा आणि पोलाद यांच्या सामायिक बाजारपेठेची योजना मांडली. तिचे गोडवे गाताना विरोध करणाऱ्या कामगार संघटनांना मॉस्कोच्या तालावर नाचणाऱ्या ठरवून निकालात काढले जाते, हा मला सरळ अन्याय वाटतो. फ्रान्समधील सीजीटी ही संघटना कम्युनिस्टांच्या वर्चस्वाखाली होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण उच्च प्राधिकरणाने, म्हणजे ही सामायिक बाजारपेठ चालवणाऱ्या, देशोदेशींच्या सरकारांहून वेगळ्या संस्थेने आखलेल्या बाजारात खाण बंद पडली, तर कामगाराने कोणाचे दार ठोठवायचे, ही चिंता कम्युनिस्टांपुरती नव्हती. ब्रिटनच्या कोळसाखाणी सरकारच्या मालकीच्या होऊन जेमतेम साडेतीन वर्षे झाली होती. डरहॅमचे खाणकामगार ही योजना मुळीच चालू देणार नाहीत, असे मजूर पक्षाचे हर्बर्ट मॉरिसन यांनीच म्हटले होते.

जर्मन संघटनांनी मात्र योजनेला पाठिंबा दिला. त्याच सुमारास संपाची तयारी दाखवून त्यांनी 1951च्या कायद्याने कोळसा व पोलाद कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळांत निम्म्या जागा पदरात पाडून घेतल्या. सीजीटीने सरसकट नकार देऊन काय मिळवले, हा प्रश्न म्हणूनच मलाही टाळता येत नाही.

तरीही बेल्जियममधील बोरिनाजकडे पाहावेच लागते. तिथल्या खाणी जुन्या आणि तोट्यातल्या होत्या. या योजनेतून उभा राहिलेला युरोपीय कोळसा व पोलाद समुदाय नसता तर त्या तगल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. 1958मध्ये कोळशाचे ढीग पडून राहू लागले आणि खाणी बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध फेब्रुवारी 1959मध्ये तिथे मोठा संप झाला. समुदाय स्थापन करणाऱ्या करारातील कलम 56मध्ये काम सुटलेल्यांसाठी दुसरी नोकरी मिळेपर्यंतचा भत्ता, नवे काम शिकण्याचा खर्च आणि बिऱ्हाड हलवण्याचा खर्च यांची सोय होती, आणि ती मोलाची होती. पण खाण बंद करावी की नाही, हे ठरवताना कामगाराला अधिकार देणारी तरतूद त्या करारात नव्हती.

त्या वेळी उच्च प्राधिकरणाच्या अध्यक्षपदी पॉल फिने होते, म्हणजे बेल्जियमच्या कामगार चळवळीतूनच वर आलेला माणूस. उत्पादनावर मर्यादा घालता यावी म्हणून प्राधिकरणाने मे 1959मध्ये संकट जाहीर करण्यास संमती मागितली, आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेने ती दिली नाही. नकार देणाऱ्यांत पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि इटली यांचे मंत्री होते. त्यांच्यापैकी एकालाही बोरिनाजमध्ये मते मागायला जावे लागणार नव्हते.