पायी जाता येईल असं घर मागतोय, महाल नाही!

नवीन शहरात भाड्याने घर शोधायला लागल्यापासून डोकं नुसतं भणभणतंय. मागणी काय? किराणा, औषधं आणि बसथांबा पायी गाठता यावा आणि भाडं खिशाला परवडावं. बस्स. तरी समोरचा असा बघतो की मी राजवाडाच मागितलाय.

जाहिरातीत छापतात, 'सगळं पाच मिनिटांवर'. माणूस पाच मिनिटांत चालून चालून चालतो किती? चारशे मीटर. जाऊन पाहावं तर दुकान खरंच समोर दिसतं, पण मध्ये सहा पदरी रस्ता, दुभाजकावर उंच कठडा आणि ओलांडायची सोय थेट पुढच्या सिग्नलला. म्हणजे तिथवर जा, पलीकडे व्हा आणि तेवढंच अंतर मागे या. फूटपाथ आहे म्हणावं तर तो झाकण नसलेल्या चेंबरपाशी संपतो. पुढे गाड्यांचे आरसे कोपराला घासत चालायचं. सोबत लहान मूल असेल, गुडघे दुखणारी आई असेल, तर काय करायचं? एजंट म्हणतो, "गाडी नाही का तुमच्याकडे?" अहो, गाडी घ्यायची नाही म्हणून तर विचारतोय!

"जरा लांब बघा, स्वस्त पडेल" म्हणणाऱ्यांचा तर भयंकर संताप येतो. कुठे स्वस्त? भाड्यात वाचलेलं सगळं गाडीचा हप्ता, पेट्रोल, विमा आणि पार्किंग गिळून टाकतं. वर रोजचे तास रस्त्यात जातात ते वेगळेच. भाडं उत्पन्नाच्या 30 टक्क्यांत बसवा, असं सगळे सांगतात. प्रवासाचा खर्च कुणी धरतच नाही. अमेरिकेतल्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने तो धरला. घर आणि प्रवास मिळून 45 टक्क्यांच्या आत असेल तरच जागा परवडणारी, असा त्यांचा हिशेब आहे. तो लावून बघा, लांबची कितीतरी 'स्वस्त' घरं यादीतून उडतील.

आणि पायी सगळं गाठता येईल अशा घरांची ही टंचाई काही आभाळातून पडलेली नाही. इकडे फक्त घरं, तिकडे फक्त दुकानं, पलीकडे ऑफिसं, असे नियम माणसांनीच केले. वर इमारतींना पार्किंगची सक्ती. मग जुन्या, घर-दुकान-शाळा मिसळून असलेल्या वस्त्या उरल्या मोजक्या आणि तिथली भाडी भिडली गगनाला. अमेरिकेतले नगररचनाकार क्लॅरेन्स पेरी यांनी 1929 मध्येच वस्तीचा आराखडा मांडला होता: मध्यभागी शाळा, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, मुलं चालत शाळेत. शंभर वर्षं होत आली! आणि आज पायी चालणं ही श्रीमंतांची चैन झालीये.

सगळ्यात चीड कशाची येते सांगू? घर दाखवायला हे लोक गाडीतून नेतात. भरदुपारी, रस्ते मोकळे असताना. थेट दारात उतरवतात. मला संध्याकाळी अंधार पडल्यावर बसथांब्यापासून त्या दारापर्यंत चालत न्या, मग भाड्याचा आकडा बोला!