बिनभोकाची नोट

नोटा जमवणाऱ्या माणसाला दुनिया एकच प्रश्न विचारते. "विकल्या तर किती येतील?"

टपाल तिकिटं जमवणाऱ्याचं नशीब वेगळं. त्याच्या अल्बममध्ये लोक फुलपाखरं बघतात, "वा!" म्हणतात आणि पान उलटतात. नोट म्हणजे मात्र पैसे, आणि पैसे म्हटले की कौतुकाच्या आधी हिशेब येतो. त्यातून तुम्ही समाजवादी मंगोलियाच्या नोटा जमवत असाल, तर समोरचा आधी मंगोलिया नेमका कुठे ते विचारतो, मग तुमच्याकडे जरा काळजीने बघतो आणि शेवटी विचारतोच.

माझ्यापुरता हा प्रश्न विचारण्याचा मक्ता मामांकडे आहे. मामा जन्मभर बँकेत कॅशियर होते. मी नोकरीनिमित्त मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला आलो तेव्हा त्यांना आनंद झाला. मी तिथे पगारातून मोडीत निघालेल्या नोटा घेतो हे कळलं तेव्हा त्यांनी आईला फोन केला. "ताई, हा चालू पैसे देऊन बंद पैसे घेतो गं."

आता खरं सांगायचं तर फार काही येणार नाहीत. १९५५, १९६६ आणि १९८१-८३ या शेवटच्या तीन मालिकांतल्या लहान नोटा अगदी कोऱ्या असल्या तरी उडप्याकडच्या दोन माणसांच्या बिलात बसतात. दम लागतो तो १९२५ च्या पहिल्या मालिकेला. तिच्यातल्या मोठ्या नोटा समोर आल्या की दुकानदार आवाज खाली आणतो आणि मी खिशातला हात बाहेर काढतो.

पण या नोटांत जी व्यवस्था आहे ती मला दुसरीकडे कुठे दिसली नाही. जगभरचे संग्राहक नोटांच्या कॅटलॉगमधले 'पिक' क्रमांक वापरतात. त्यात मंगोलियाचे पहिले सहा क्रमांक १९२४ साली डॉलरमध्ये छापलेल्या नोटांना गेले. मग तुग्रुग हे मंगोलियाचं स्वतःचं चलन आलं आणि दर मालिकेत सात नोटा निघू लागल्या. १, ३, ५, १०, २५, ५० आणि १००. फक्त पहिल्या मालिकेत तीनऐवजी दोन आणि शेवटच्या मालिकेत पंचवीसऐवजी वीस. त्यामुळे १९२५ ची मालिका सातपासून सुरू होते, १९३९ ची चौदापासून, १९४१ ची एकवीसपासून, १९५५ ची अठ्ठावीसपासून, १९६६ ची पस्तीसपासून आणि शेवटची बेचाळीसपासून. साती साती एकोणपन्नास व्हायच्या आत समाजवाद संपला. लहानपणी मामांनीच माझ्याकडून हा पाढा घोकून घेतला होता. त्याचा उपयोग त्यांना पसंत नाही.

तीनची नोट हा तर स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे एक, दोन, पाच यावर सगळा संसार चालला. तीनची नोट दाखवणाऱ्याला आपण थेट चौकीवर नेलं असतं. मंगोलियाने ही चाल रशियाकडून घेतली, नोटाही तिकडूनच छापून यायच्या. मामांना पहिल्यांदा तीन तुग्रुगची नोट व्हिडिओ कॉलवर दाखवली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. "शंभराचे सुटे कसे देत असतील?" एवढंच म्हणाले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असं मामींनी सांगितलं.

नोटांवर माणूस एकच. दामदिन सुखबातर, १९२१ च्या क्रांतीचा नायक. १९३९ पासून पुढची सगळी वर्षं हाच. जन्म १८९३, मृत्यू १९२३, आणि तुग्रुग आला १९२५ साली. म्हणजे ज्या चलनावर हा इतकी वर्षं बसला, त्यातला एक तुग्रुगही त्याने कधी हातात धरला नाही. क्रांतीच्या आधी तो छापखान्यात खिळे जुळवायचा, म्हणून छपाईशी त्याचं काही नातं होतं एवढं समाधान. चंगीजखानाला नोटेवर जागा नव्हतीच. १९६२ साली त्याच्या आठशेव्या जयंतीची तिकिटं काढली, तर तीही मागे घ्यावी लागली आणि सोहळ्यात पुढे असलेल्या तोमोर-ओचिर या बड्या नेत्याचं पद गेलं. लोकशाही आल्यावर १९९३ च्या नोटांत चंगीज पाचशेपासून वरच्या मजल्यावर राहायला आला आणि सुखबातर शंभर आणि त्याखालच्या नोटांवर सरकला. इतकी वर्षं भाडं न थकवलेल्या भाडेकरूला असं वागवणं मला काही पटलेलं नाही.

नोट कोणत्या काळची हे ओळखायला मी जनावरं बघतो. १९४० नंतरच्या राजचिन्हात सूर्याकडे दौडणारा घोडेस्वार आणि भोवती मेंढी, गाय, उंट, बकरी यांची मुंडकी. घोडा स्वाराच्या खाली धरून पाचही पाळीव प्राण्यांची हजेरी भरते. १९६० साली नवी राज्यघटना आली आणि मुंडक्यांच्या जागी गव्हाच्या ओंब्या आणि दातेरी चाक आलं. म्हणून १९५५ च्या नोटेवर खिल्लार आहे आणि १९६६ च्या नोटेवर कारखाना. याहून जुना आणि मला विचाराल तर सर्वांत प्रामाणिक कागद १९२१ चा. त्या वर्षीच्या सरकारी कर्जरोख्यांवर दहा डॉलरला मेंढी, पंचवीसला गाय, पन्नासला घोडा आणि शंभरला उंट छापला होता. कॅटलॉग नको, भिंग नको. वाचता न येणाऱ्यालाही कळावं की आपल्या हातात मेंढी आहे की उंट. मामांनाही एवढंच एक मूल्यांकन मान्य झालं.

बाकी मूल्यांकन म्हणजे छळ आहे. नोटेला घडी पडली की भाव पडला. मधोमध एक हलकी घडी असेल तर एक पायरी खाली, आडवी-उभी दोन्ही असतील तर आणखी खाली, कोपरे गोल झाले तर विचारूच नका. इंग्रजीत या पायऱ्यांची नावं इतकी सुसंस्कृत आहेत की जवळजवळ चिंधी झालेल्या नोटेलाही 'गुड' म्हणतात. मी खिडकीशी उभा राहून नोट तिरकी धरतो, श्वास रोखतो, आणि उजेडात एक केसाएवढी रेघ दिसली की दिवस वाया जातो.

आणि ही रेघ आली कुठून? समजा, सहकारी कळपावरच्या कुणा मेंढपाळाला लोकरीचे पैसे मिळाले. त्याने नोट चौघडी करून देलच्या, म्हणजे मंगोल झग्याच्या, छातीच्या घोळात घातली. घोड्यावरून गोबीच्या धुळीत दौडला. दुकानात चहाची वीट आणि पीठ घेतलं. नोट दुकानदाराच्या चरबीच्या हाताला लागली, खारट दुधाळ चहाचा थेंब पडला, आणि ती पुन्हा दुसऱ्या देलमध्ये शिरली. अशी राबराब राबलेली नोट 'गुड'. तिची सख्खी बहीण तिजोरीत गड्डीत पडून राहिली, तिने एकाही माणसाचं पोट भरलं नाही, ती 'अनसर्क्युलेटेड', दसपट किमतीची. कामगारांच्या राज्यात ज्या नोटेने काडीचं काम केलं नाही तिला सर्वांत जास्त भाव! मार्क्सने या बाबतीत काय लिहून ठेवलंय ते बघायला हवं.

बेकार नोटांचा हा भाव दुकानदारांनाही ठाऊक आहे, म्हणून ते राबलेल्या नोटांना इस्त्री करतात. नारानतूलच्या मोठ्या बाजारात अशी इस्त्रीची नोट लगेच ओळखू येते. ती जरा जास्तच सपाट असते, तिचं छपाईचं उठावदार काम बसलेलं असतं आणि तिला वास येत नाही. मंगोलियातल्या जुन्या नोटेला मटणाचा वास नसेल, तर काहीतरी लपवलेलं आहे असं समजावं. एरवी हवा मात्र नोटांना चांगली. हिवाळ्यात उणे तीस आणि घरात हीटरमुळे कोरडं ठणठणीत. माझ्या कातडीला भेगा पडतात, १९६६ ची मालिका सुखात असते. हाच अल्बम पुण्याच्या पावसाळ्यात नेला तर कसर महिनाभरात त्याचं ग्रेडिंग करून देईल.

या सगळ्यात मला हवी होती ती १९५५ ची पंचवीसची नोट, क्रमांक ३२, खरोखर कोरी. ती सापडली एका तळघरातल्या दुकानात. मालक ऐंशीच्या घरातले आजोबा, दुभाषी त्यांची नात. पैशांचं बोलणं सुरू करायच्या आतच आजोबांनी कॅल्क्युलेटर बाजूला सारला. त्यांना पैसे नको होते. १९९२ साली तीनशे टक्क्यांच्या वर गेलेली महागाई बघितलेल्या माणसाचा पैशावर तसाही फार विश्वास राहिलेला नसतो. त्यांना हवी होती आपली दोन रुपयांची नोट, मागे आर्यभट्ट उपग्रह असलेली. आजोबा अंतराळाच्या नोटा, तिकिटं, नाणी गोळा करतात. १९८१ साली मंगोलियाचा अंतराळवीर गुर्रागचा सोव्हिएत यानातून वर गेला, आमचा आर्यभट्ट १९७५ साली सोव्हिएत रॉकेटवरूनच गेला होता. एकाच एसटीने गेलेल्या प्रवाशांची ओळख पटावी तशी आमची पटली.

मामांनी मागच्या सुट्टीत दिलेल्या पाकिटात तशा नोटा होत्या. मी ऐटीत दुसऱ्या दिवशी नेल्या. आजोबांनी चिमट्याने एक उचलली, दिव्यासमोर धरली. डावीकडच्या दोन भोकांतून उजेडाचे दोन ठिपके त्यांच्या कपाळावर पडले. ते नातीला काहीतरी म्हणाले.

"आजोबा विचारताहेत, ही कुणी खाल्ली का?"

मी सांगितलं की आमच्याकडे बँकाच एके काळी गड्ड्यांना स्टेपल मारायच्या. नातीने ते भाषांतर करायला जरा वेळ घेतला. आजोबांनी दुसरी नोट बघितली, तिसरी बघितली, सगळ्यांना भोकं. मग त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, ज्या नजरेने मी आजवर त्यांच्या नोटांच्या घड्या बघत आलो होतो. "सरकारी बँक?" त्यांनी पुन्हा खात्री करून घेतली.

मामांना हे सांगितलं. कॅशियर दुखावला. "त्यांना म्हणावं, भोक असलेली नोट म्हणजे शंभरात मोजलेली, खात्रीची नोट. बिनभोकाची नोट बँकेत आलीच नाही, तिचा काय भरवसा?" मी हे जसंच्या तसं पोचवलं. आजोबांनी मान हलवली, पंचवीसची नोट पुन्हा पाकिटात घातली आणि मला चहा दिला. खारट. सौदा मोडला असा त्याचा अर्थ नसतो. माणूस विचार करतोय एवढाच असतो.

दोन दिवसांनी मामांचा संदेश आला. त्यांनी माळा उपसला होता, मामींच्या जुन्या लग्नपत्रिकांच्या डब्यातून आहेराच्या पाकिटात राहिलेली, एकही भोक नसलेली आर्यभट्टची नोट शोधून काढली होती. सोबत फोटो होता. नोट अप्रतिम होती. घडी नाही, डाग नाही, कोपरे धारदार. मी आनंदाने फोन लावला.

"बघितलीस?" मामा म्हणाले. "मधे एक घडी होती, पाणी शिंपडून इस्त्री फिरवली. आता तुझ्या म्हाताऱ्याला काय दिसतंय बघू. थोडी मऊ पडलीय पण. स्टार्च घालू का?"