कंबोडिया ट्रिप, एक स्टार आणि चुकलेली बस: आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. ‘फिरायला नेतो म्हणून जेल आणि कवट्या दाखवल्या, जेवणाची बोंब, आयोजकाच्या ढिसाळपणामुळे बस चुकली आणि वर माणशी 14 डॉलर उकळले.’ त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. जेवणाचं तुमचं बरोबर आहे. तिकडं पालेभाजीतसुद्धा माशाचं सॉस घालतात, आणि शाकाहारी मंडळींनी दोन दिवस भात-केळ्यांवर काढले, हे मला मान्य आहे.

पण बसचं मान्य नाही. सांगलीत माझं छोटं ऑफिस आहे, वर्षाला तीन-चार ग्रुप जातात, आणि नवीन माणूस आधी रिव्ह्यू बघतो, मग फोन करतो. म्हणून त्या दिवशीचं सगळं लिहितो.

नॉमपेन्हहून सिएम रीपची बस 12:30 ची होती. सकाळी 8 ला तुओल स्लेंग, म्हणजे तुम्ही म्हणता ते ‘जेल’, आता संग्रहालय आहे ते, उघडतं, आपण पहिल्या रांगेत होतो. गेटवर जमायची वेळ 11, हे आदल्या रात्री ग्रुपवर टाकलं होतं. तुमच्या नावापुढं निळी टिक आहे. 11 ला नऊपैकी सात जण हजर, त्यात 68 वर्षांच्या एक काकू. तुम्ही आणि तुमचे मित्र आलात 11:35 ला. बरं, आलात तर निघायचं ना! तर नारळपाणीवालीशी वाद. तुमची 5 डॉलरची नोट कडेला फाटलेली. तिथं डॉलर सर्रास चालतो, पण जरा फाटलेली नोट कुणी हातात धरत नाही, हे मी सांगलीतल्या मीटिंगमध्ये दोनदा सांगितलं होतं. शेवटी मी खिशातले 6 हजार रियल, तिथलं चलन, दिले, म्हणजे दीडेक डॉलर. ते मी हिशोबात धरलेले नाहीत. तोवर 11:55 झाले होते. पुढं ट्रॅफिक, आणि बस डोळ्यांदेखत गेली. माणशी 14 डॉलर हे दुसऱ्या बसचं तिकीट. त्यातला एक रुपया माझा नाही, पावती आहे.

तुम्ही 11:35 पर्यंत कुठं होतात तेही मला लिहायचं नव्हतं, पण तुम्हीच ‘मालक सगळ्यांसमोर ओरडले’ असं लिहिलंय. हो, आवाज चढला. ती जागा आधी शाळा होती. 1975 ते 1979 ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत तिथं तुरुंग केला. काही खोल्यांत अजून फळा आहे आणि खाली लोखंडी खाट. हसू नका म्हणून हसऱ्या तोंडावर काट मारलेली पाटी लावलीय. त्या खाटेशेजारी उभं राहून तुम्ही व्हिडिओ काढत होता आणि मित्र ‘परत एकदा घे’ म्हणत होता. आमचा तिथला गाईड आत येत नाही, गेटवर छत्री घेऊन थांबतो. त्याचे वडील शाळामास्तर होते, त्या चार वर्षांत गेले. मास्तर, डॉक्टर, शिकलेली माणसं वेचून मारली तिथं. देशातली साधारण चौथ्या हिश्श्याची माणसं संपली. गाईडनं तुम्हाला दारातून पाहिलं आणि तो काही बोलला नाही, म्हणून मी बोललो. 2019 च्या महापुरात आमच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं आणि आयर्विन पुलावर पाहुण्यांची सेल्फीसाठी रांग लागली होती. तेव्हापासून मला ते सहन होत नाही. असो, हा माझा स्वभाव.

‘जेल आणि कवट्या’ कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या पानावर छापल्या होत्या. चोएंग एक, म्हणजे कवट्यांचा स्तूप आहे ती कत्तलीची जागा, आणि तुओल स्लेंग, दोन्ही जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, आपले प्रतापगड-पन्हाळा ज्या बैठकीत आले त्याच बैठकीत. कंबोडियाला जाऊन ते टाळणं मला जमणार नाही. अंकोर वाट बघताना समुद्रमंथनाच्या शिल्पापुढं तुम्ही तासभर उभे होतात, ते मात्र रिव्ह्यूत कुठं दिसलं नाही. आणि अंकोरच्या देवळांचा पास तीन दिवसांचा का काढला म्हणाल तर एका दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62. आपण दोन दिवस गेलो. दोनदा एकेका दिवसाचा काढला असता तर 74 झाले असते.

माझी चूक एवढीच की सात जणांना पुढं पाठवून मी एकट्यानं तुमच्यासाठी थांबायला हवं होतं. काकूंना दोन तास बस स्टँडवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसावं लागलं, त्यांची माफी मी घरी जाऊन मागितली. पुढच्या ट्रिपपासून वेळेचं जरा कडक करतोय. जेवणाचंही बघतो, मेतकूट आणि भाजणी सोबत नेणार आहे, बाकी तिथं एका हॉटेलशी बोलणं चाललंय.

ते 14 डॉलर तुम्हाला खुपत असतील तर कधीही ऑफिसला या, परत देतो. दुपारी दोन ते चार बंद असतं. तुमची पॉवर बँक सिएम रीपच्या खोलीत राहिली होती, ती आणून टेबलाच्या खणात ठेवलीय. केबलही आहे.